वॅगन आरचा पत्रा आणि खारा वारा: ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

गाडी २०११ ची वॅगन आर, पेट्रोल, पांढरी. मुक्काम रत्नागिरी; समुद्र सरळ रेषेत किलोमीटरभरावर. २०२६ मध्ये नोंदणीला पंधरा वर्षं होतील. इंजिनाची काही तक्रार नाही, म्हणून आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची असं घरात ठरलंय. अडचण पत्र्याची आहे.

पूजेसाठी गाडी धुतली तेव्हा दिसलं ते असं. बॉनेटच्या पुढच्या कडेवर खडीचे टवके, बहुतेक टाचणीच्या डोक्याएवढे, दोन-तीन तांदळाएवढे. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीला आत वळवलेल्या कडेवर रंग फुगलेला. त्याच बाजूच्या मागच्या दाराच्या खालच्या शिवणीतून तपकिरी ओघळ. ड्रायव्हरच्या दाराखालचा उंबरा मागच्या टोकाला हाताला खरखरीत लागतोय. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात तळाला गंजाची पूड. ती कुठून आली ते वेगळं सांगायला नको: मिरकरवाडा बंदरावरून आणलेली मासळी. पिशवीतून बर्फाचं पाणी गळतं आणि ते नुसतं पाणी नसतं.

हार बॉनेटवर आडवा बांधू दिला नाही. झेंडूच्या हाराच्या टोकाला तारेचा आकडा असतो, गाडी चालली की तो रंगावर घासत राहतो. आईला हे कारण फारसं पटलं नाही. शेवटी हार सुतळीने ग्रिलला बांधला.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज नीट तपासणी. सामान: ओलं फडकं, फ्रिजवरचा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून, स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ, टॉर्च, खडू.

आमच्याकडे एक वेगळीच पंचाईत असते. जांभ्या दगडाचा लाल चिखल आणि गंज दिसायला एक, कारण दोघांचा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. कमानीत लाल काही दिसलं की आधी ओल्या फडक्याने पुसायचं. पुसलं गेलं तर गावचं, नाही गेलं तर गाडीचं.

मग लोहचुंबक सगळ्या बाजूंनी फिरवला. जिथे तो ढिला पडतो तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे कधीतरी ठोकाठोकी झालेली आहे. उजव्या पुढच्या दारावर हातभर पट्टा असा निघाला. गाडी आम्ही सेकंडहॅंड घेतली होती, तेव्हा हे आधीच्या मालकाच्या काळातलं. तो पट्टा चांगला आहे, कुठे तडा नाही. त्याला हात लावणार नाही.

मग मुठीने वाजवून पाहिलं. चांगला पत्रा टणक वाजतो. कमानीची कड टणक वाजली. दाराचा खालचा भाग टणक. उंबऱ्याचं मागचं टोक मात्र बसक्या आवाजाचं, आणि मूठ जरा दाबली तर पत्रा आत गेला. तिथे खडूने गोल केला.

कामाचा क्रम यावरूनच लागतो. दिसण्यावरून लावला तर बॉनेट पहिलं, कारण ते रोज डोळ्यांसमोर असतं आणि येणारा-जाणारा विचारतो. पण बॉनेटवर पाणी थांबत नाही. ते उतरतं, ऊन लागतं, इंजिनाच्या उष्णतेने पत्रा वाळतो. तिथला टवका दोन-दोन वर्षं नुसता तपकिरी ठिपका होऊन राहतो. दाराची शिवण, कमानीची कड आणि उंबऱ्याची आतून पोकळ पेटी इथे पाणी शिरतं आणि राहतं. तिथे बाहेर नखाएवढा फोड दिसतो तेव्हा आत बोटभर काम झालेलं असतं. म्हणून क्रम असा: आधी पाण्याच्या वाटा मोकळ्या, मग उंबरा, मग कमान आणि दार, आणि सगळ्यात शेवटी बॉनेट.

२० ऑक्टोबर, रविवार

पाण्याच्या वाटा. दाराच्या आत पाणी जातच नाही अशी बऱ्याच जणांची समजूत असते. जातं, आणि ते जाणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या शिवणीजवळच्या भोकांतून निघून जातं. रबर जुनं झालं की जास्त उतरतं. भोकं बुजली की ते तिथेच बसतं.

मागच्या डाव्या दाराची भोकं बुजलेली होती. सायकलची जुनी तार वाकवून आत घातली. आधी काहीच नाही, मग ओल्या मातीचा गोळा सुटला आणि पाठोपाठ तपकिरी पाण्याची बारीक धार लागली. पाऊस थांबून बरेच दिवस झालेत, तरी दारात पाणी होतं. गोळा बोटांनी फोडून पाहिला: लाल माती, मोहोराच्या काड्या, पानांचा चुरा. गाडी आंब्याखाली उभी असते त्याचा हा प्रसाद. बाकीच्या तीन दारांतून पाणी आलं नाही, पण एका भोकात घट्ट झालेला काळा सीलर (फटी बुजवायचा लेप) होता, तोही टोकरून काढला.

खालून गाडी धुतली. पाइपला पातळ चपटं नोझल लावून चारही कमानींच्या आतून, कडेच्या मागून, उंबऱ्याच्या पोटाखालून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाणी विहिरीचं वापरलं. घरात बोअरचंही कनेक्शन आहे, पण खाडीच्या बाजूच्या बोअरना पाणी मचूळ लागतं आणि आमचंही उन्हाळ्यात तसंच होतं. मीठ घालवायला मिठाचंच पाणी मारण्यात काय अर्थ आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

नाक्यावरच्या पेंटर चाचांकडे गेलो. आयुष्य डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलेला माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारली, उंबरा अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, “ह्याला पुट्टी मारून देणारे शंभर मिळतील तुम्हाला. पुढच्या पावसात पुट्टी हातात येईल. आधी पत्रा कापा.”

कमान आणि दार मी घरी करतो म्हटल्यावर त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं. रंग पत्र्याच्या मध्यावर थांबवायचा नाही, जिथे पत्र्याला वळण आहे तिथे थांबवायचा. टेप सपाट चिकटवायची नाही, तिची कड उलटी दुमडायची, म्हणजे रंगाची पायरी दिसत नाही. आणि सकाळी दहाच्या आधी रंगाचा डबा उघडायचाच नाही.

रेड ऑक्साइडचं विचारलं. हार्डवेअरच्या दुकानात ग्रिलला मारायला मिळतो तो लाल प्रायमर. चाचांनी मान हलवली. त्यावर थिनरवाला रंग मारला की खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. शिवाय तो ओल पूर्ण अडवत नाही. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, दोन डब्यांतला, मिसळून लावायचा. गंमत अशी की रेड ऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइडच. गंज थांबवायला गंजाच्याच रंगाची पूड लावायची आणि जांभ्याच्या गावात ते कुणाला खटकायचंही नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

दुपारी सर आली. काम बंद. ओट्यावर बसून हे लिहितोय.

केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांचा एक जुना, प्रसिद्ध प्रयोग आहे. स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि बघत राहायचं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. जिथे तो कमी तिथलं लोखंड विरघळायला लागतं, आणि त्याचा गंज मध्ये आणि कडेमध्ये कुठेतरी साचतो. म्हणजे खाल्लं जातं ते मध्यभागी, झाकलेल्या जागी. रंगाचा टवका, शिवणीतली फट, चिखलाच्या गोळ्याखालचा पत्रा, सगळीकडे हाच प्रकार. गंज रंगाखाली पसरत जातो तो यामुळे. आणि मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो.

मिठाचं काम त्यात दुहेरी. एक तर त्याच्यामुळे पाण्यातून विजेचा प्रवाह सहज जातो. दुसरं, मीठ हवेतली ओल खेचतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण आपला आपण विरघळतो. रत्नागिरीत पावसाळाभर आर्द्रता याच्या वरच. त्यामुळे शेडमध्ये उभ्या असलेल्या, पाऊस अंगावर न घेतलेल्या गाडीचा पत्राही ओला असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तोच फक्त दोषी नाही. पाऊस निदान मीठ धुऊन तरी नेतो.

प्लास्टिकचं कव्हर याच कारणासाठी मी काढून टाकलं. शेजारी अजून घालतात. आत हात घालून बघा म्हणावं, दहिवर पडल्यासारखं सगळं ओलं असतं.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

काम नाही. मेहुणा पुण्याहून आला, येताना रंग घेऊन आला. कोड मीच कळवला होता: बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, आमच्या गाडीचा २६यू. त्याने एक लहान बाटली ब्रशने लावायला आणि एक कॅन स्प्रे करायला भरून आणलाय. “भावोजी, एवढ्या खटाटोपापेक्षा नवी घ्या ना,” हे वाक्य ओवाळणीच्या आधी एकदा आणि जेवताना एकदा झालं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

उंबरा वेल्डरकडे. हे घरचं काम नव्हेच. पेटी पत्र्याची असते, गाडीचा बांधा त्यावर उभा असतो आणि बाजूने धडक बसली तर तीच आडवी येते. आतून सडलेल्या पेटीवर वरून लांबी आणि रंग चढवून विकलेल्या गाड्या मी पाहिल्यात; दारात बसताना पाय जोरात ठेवला की तडकते.

बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढली. सीट, कार्पेट आणि उंबऱ्यावरून जाणारी वायर आधीच बाजूला केली होती, कारण पत्र्याच्या पलीकडे काय पेटेल हे वेल्डिंग करणाऱ्याला दिसत नाही. ग्राइंडरने चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं. बाहेरून रुपयाएवढी जागा दिसत होती, कापून झाल्यावर तळहात मावेल एवढी खिडकी झाली. आतला पत्रा मात्र शाबूत: वरवर लाल, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक रुतलं नाही. तिथे तारेचा ब्रश मारून झिंकचा प्रायमर लावला.

बावीस गेजचा तुकडा वाकवून बसवला आणि सीओटू वेल्डिंगने बारीक बारीक टाके घातले, एक इथे, एक दुसऱ्या टोकाला, पत्रा तापून वाकू नये म्हणून. गॅस वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला सोसत नाही. नंतर टाके घासून सपाट केले. आत मेण मारायला एक भोक मुद्दाम ठेवायला सांगितलं, त्यावर रबरी बूच बसेल.

१० नोव्हेंबर, रविवार

कमान. दिवाळीनंतरची कोरडी हवा, वारा डोंगराकडून. साडेदहाला सुरुवात.

आधी फुगलेला रंग जुन्या चिझलने खरवडला. पापडीसारखा नाही, पोपड्यांनी निघाला, आणि प्रत्येक पोपड्याच्या मागे गंज चिकटलेला. फोड पाच-सहा सेंटिमीटरचा होता. टणक रंग लागेपर्यंत मागे गेलो तेव्हा वीतभर पट्टा उघडा पडला. चांगल्या रंगात निदान बोटभर शिरायचं आणि मगच थांबायचं.

मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १८०. कडा उतरत्या करताना थर उघडे पडतात. सगळ्यात वर पांढरा, मग करडा प्रायमर, मग गडद राखाडी पातळ रेघ, मग पत्रा. ती पातळ रेघ महत्त्वाची. कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवलेला तो थर, साधारण वीस मायक्रॉनचा, भट्टीत १६० ते १८० अंशांना भाजलेला. सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, मिलिमीटरचा आठवा-दहावा भाग. गंजापासून संरक्षण मुख्यतः या तळच्या थराचं, आणि तो घरी परत आणता येत नाही. आपण इपॉक्सीने जे करतो ती त्याची नक्कल.

पत्रा चकचकीत झाला, पण त्यात काळे ठिपके राहिले. सुईच्या टोकाएवढे खड्डे, आत गंज. पेपर वरून फिरतो, आत पोचत नाही. ड्रिलला तारेचा ब्रश लावला तरी तो ते पॉलिश करून काळे चमकदार करतो, आणि साफ झालं असं वाटतं. भिंगातून पाहिलं की ठिपका तसाच. जाड सुई घेऊन एकेक खड्डा टोकरला. कंटाळवाणं काम, पण सगळ्या पट्ट्यात परत गंज धरेल तो इथूनच.

थिनरने पुसून, वाळवून, गंज बदलणारं द्रावण ब्रशने लावलं. ज्यात टॅनिक आम्ल असतं त्या प्रकारचं. खड्ड्यांत उरलेला गंज त्याने काही मिनिटांत जांभळट आणि मग निळसर काळा झाला. हिरडा आणि हिराकस घालून जुन्या काळी शाई करायचे, तीच ही रासायनिक क्रिया: हिरड्यातलं टॅनिन आणि लोह. ती जुनी शाई आता चाकाच्या कमानीत. स्वच्छ पत्र्यावर मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे ते नीट धरतही नाही, म्हणून फक्त ठिपक्यांवर लावलं. दुसऱ्या प्रकारचं, फॉस्फोरिक आम्लाचं द्रावणही मिळतं. ते वापरलं तर नंतर पाण्याने धुऊन लगेच वाळवावं लागतं, नाहीतर उरलेल्या आम्लावर इपॉक्सी धरत नाही.

रात्रभर शेडमध्ये, वरून सुती कापड.

११ नोव्हेंबर, सोमवार

कामावरून दुपारीच परतलो. ठिपके काळे, कुठेही लालसर झाक नाही. ३२० ने हलकं घासून, पुसून इपॉक्सीचा पहिला हात. छोटी जागा आहे म्हणून ब्रशनेच. कडेच्या आतल्या बाजूला, जिथे दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेले आहेत, तिथे ब्रश उलटा धरून भरपूर. हातमोजे घालायचेच, इपॉक्सीचा हार्डनर (दुसऱ्या डब्यातलं, रंग घट्ट करणारं रसायन) कातडीला एकदा बाधला की पुढे प्रत्येक वेळी बाधतो. डब्यावर दिलेल्या वेळात दुसरा हात दिला, म्हणजे मध्ये घासावं लागलं नाही.

दाराच्या शिवणीलाही हेच केलं. तिथे खड्डे कमी होते. शिवणीची फट वाळल्यावर सीम सीलरने भरली, भोकं सोडून. भोकं सोडून हे मुद्दाम लिहितोय, कारण डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातून आलेल्या गाड्यांत हीच भोकं सीलरने बंद झालेली असतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कमानीवर लांबी. पॉलिएस्टर पुट्टी, शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम हार्डनर. लवकर वाळावी म्हणून हार्डनर ओतणारे असतात. त्याचे पिवळट डाग पुढे पांढऱ्या रंगातून वर उमटतात. पुट्टी इपॉक्सीच्या वर मारली, उघड्या पत्र्यावर नाही, कारण ती ओल पिते. त्याच कारणासाठी घासायची ती कोरडीच, वॉटर पेपरने पाणी मारत नाही. कागदाएवढा थर फक्त, खड्डे सपाट होण्यापुरता. १८०, मग ३२०. नाकाला मास्क.

अण्णा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या मते गाडीला जळकं ऑइल मारलं की काम झालं. त्यांच्या काळात ट्रकवाले चासीला तेच मारायचे. लोखंडाला ते चालतं, खोटं नाही. पण रबरी बुश आणि पाइपांना ते लागलं की रबर फुगतं, आणि उरलेलं सगळं आमच्याच अंगणात गळणार, विहिरीच्या वरच्या अंगाला. नको म्हटलं. ते म्हणाले, “मग तो महागाचा डबा आण.” आणणारच आहे.

सर्व्हिसच्या वेळी गळ्यात मारतात त्या काळ्या रबरी कोटिंगबद्दल माझं मत वाईट आहे. नवीन, स्वच्छ पत्र्यावर ठीक. पण चिखल नुसता पाण्याने उडवून, ओल असताना, गंजावरून फवारलं की आत ओल कोंडते आणि बाहेरून वर्षभर काही दिसत नाही. मग एके दिवशी कोटिंगचं कातडं सोलून येतं, पत्र्यासकट.

१७ नोव्हेंबर, रविवार

सरफेसरचे (रंगाखालच्या, घासून सपाट करायच्या प्रायमरचे) पातळ हात, वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ धूळ उडवली आणि ६०० ने घासलं. काळं जिथे राहिलं तिथे खोलगट भाग आहे. एका जागी राहिलं. पुट्टीचा बारीक हात, परत घासणं, परत सरफेसर.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आलो, तोवर पत्र्यावरचं दहिवर उडालं होतं. साडेअकराला रंग.

बोटाला शाई असलेल्या हाताने कॅन धरला. टेप चाचांनी सांगितली तशी, कड उलटी दुमडून, कमानीच्या वरच्या वळणावर. चाकाला गोणपाट. कॅन आधी कोमट पाण्यात ठेवला, दाब वाढतो आणि रंग बारीक उडतो. उकळतं पाणी कधीच नाही. मग हलवायचा, हात दुखेपर्यंत. पहिला हात इतका विरळ की खालचं करडं दिसत राहावं. मध्ये दहा-पंधरा मिनिटं. वीतभर अंतरावरून, सुरुवात पत्र्याच्या बाहेर आणि शेवटही पत्र्याच्या बाहेर, म्हणजे थेंब पडायचा तो गोणपाटावर पडतो.

हवा दमट असताना हा रंग पांढुरका आणि निस्तेज होतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. पांढऱ्या गाडीवर ते कळतही नाही चटकन, फक्त चमक येत नाही. म्हणून तर नोव्हेंबरपर्यंत थांबलो. हार्डनर मिसळून मारायचा, दोन डब्यांतला पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो, मान्य, पण त्याच्या फवाऱ्यातली आयसोसायनेट ही फुप्फुसांना घातक रसायनं साध्या मास्कने अडत नाहीत. तो रंग पेंटिंगच्या बंद बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालून मारायचा असतो. अंगणात, पोरं खेळत असताना, नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

बॉनेट. आता कुठे त्याचा नंबर.

आधी एक चाचणी. पांढऱ्या रंगावर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, आहे की नाही ते बघायचं होतं. काळ्या कापडाला थोडं रबिंग कंपाऊंड लावून बॉनेटच्या कोपऱ्यावर घासलं. कापडावर पांढरा रंग आला. म्हणजे वर क्लिअर नाही, एकच थर. त्यामुळे टवके भरायचं काम सोपं आणि पॉलिश करताना जपायचं काम जास्त, कारण घासतो तो रंगच.

एक टवका भिंगाखाली. बाहेर पांढरी कड, आत करडं, आत तपकिरी ठिपका आणि त्याच्या मध्यभागी काळं. इव्हान्सच्या थेंबाचा नकाशाच. ज्या टवक्यात तळाशी अजून करडा प्रायमर होता त्यात गंज नव्हता. ते नुसते पुसून भरले. पत्र्यापर्यंत गेलेल्यांत पेन्सिलीच्या मागच्या टोकाला पेपरची चकती चिकटवून फिरवली, सुईने मधलं टोकरलं, द्रावण, मग टूथपिकच्या टोकाने इपॉक्सीचा ठिपका.

रंग ब्रशने भरू नये. बाटलीतला ब्रश टवक्यापेक्षा मोठा असतो, तो भोवती फासतो. टूथपिकवर थेंब घ्यायचा आणि खड्ड्याच्या मध्यावर टेकवायचा, तो आपला आपण कडेपर्यंत पसरतो. वाळला की बसतो, मग दुसरा थेंब, दुसऱ्या दिवशी तिसरा. भोवतीच्या रंगापेक्षा किंचित वर आला की थांबायचं.

तेरा वर्षं उन्हात असलेल्या बॉनेटचा पांढरा आता किंचित पिवळट आहे, कोडचा पांढरा त्याहून निळसर. हातभर अंतरावरून ठिपके दिसतात. चार पावलांवरून नाही. मला चालतंय.

मधल्या वेळात स्टेपनीचा खड्डाही केला: ब्रश, द्रावण, इपॉक्सी, संपलं. तिथे दिसण्याचा प्रश्न नाही म्हणून पुट्टी नाही, रंग नाही.

८ डिसेंबर, रविवार

बॉनेटवरचे उंचवटे २००० च्या वॉटर पेपरने, साबणाच्या पाण्यात, खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून बसवले. कंपाऊंड हातानेच, मशिनने कडेवरचा रंग क्षणात उडतो. कमानीवरही तेच, जरा जास्त दिवस वाळू देऊन. पाडव्याच्या आसपास मेण लावेन, नव्या रंगाला आत्ता नको.

पोकळ्यांमध्ये मेण. लांब नळीचा कॅन येतो, नळीच्या टोकाला चहूबाजूंनी भोकं. उंबऱ्यात ठेवलेल्या भोकातून नळी पुढच्या टोकापर्यंत सरकवली आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढली. खालच्या भोकातून मेणाचा थेंब आला की त्या भागात पोचलं. चारही दारांच्या पोटात, डिकीच्या झाकणाच्या शिवणीत. गाडी उन्हात ठेवली म्हणजे ते पातळ होऊन फटींत उतरतं. दुसऱ्या दिवशी परत तार घालून सगळी भोकं मोकळी केली. गाडीत आठवडाभर वास राहणार, घरच्यांना आधीच सांगून ठेवलंय.

१५ डिसेंबर, रविवार

चाचांना गाडी दाखवली. कमान बघितली, बोटाने चाचपली, काही बोलले नाहीत. मग वाकून पुढच्या उजव्या मडफ्लॅपकडे बोट दाखवलं. मडफ्लॅप बसवताना पत्र्यात भोक पाडून लोखंडी स्क्रू आवळलेला आहे. भोकाच्या कडेला रंगच नाही, आणि फ्लॅपच्या मागे लाल मातीचा पॅक बसलेला. घरी येऊन स्क्रू काढला. निम्मा खाल्लेला होता. भोकाभोवती गंज आहे, पत्रा टणक वाजतोय.

द्रावण आणि इपॉक्सी उरलंय, इपॉक्सीच्या डब्यांची मुदत बघून ठेवली. चारही मडफ्लॅप काढायचे, भोकांच्या कडा करून घ्यायच्या आणि स्क्रूऐवजी प्लास्टिकच्या क्लिप लावायच्या. मोहोर गळायला लागायच्या आत दारांची भोकं परत बघायची, आणि मग मे महिन्याच्या शेवटी एकदा. मडफ्लॅपला येत्या रविवारी सुरुवात, मागच्या उजव्यापासून, कारण तिथे जॅक लावायला जागा बरी आहे.